गप्प बसणारा रंग

खिडकीतल्या बैठकीवर मांडलेल्या उशांमध्ये एक उशी राखाडी होती. तिच्या कापडावर बारीक पांढरी पानं होती, आणि ती पानं त्याच्या ओळखीची होती. दुकान बंद करून तो नुकताच घरी आला होता. एका पायातला बूट निघालेला, दुसऱ्याची नाडी हातात. बैठकीच्या दोन्ही बाजूंना लावलेले गुलबक्षी पडदे संध्याकाळच्या उजेडात पेटल्यासारखे दिसत होते. मधे हळदी, मोरपंखी, शेंदरी, पट्ट्यापट्ट्यांची, एक जुन्या गालिच्याचा तुकडा लावलेली, अशा उशा दाटीवाटीने बसल्या होत्या, लग्नाच्या फोटोत नातेवाईक बसतात तशा. आणि सगळ्यांच्या मधोमध ही. त्याने दुसरा बूट काढला, दोन्ही बूट जागेवर ठेवले, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. पानं तीच होती. देठाजवळ किंचित वाकलेली. कितीतरी दुपारी, रविवारी, तापाच्या दिवसांत, तो त्या पानांकडे नुसता बघत बसला होता. "कशी झालीय बैठक?" मास्तरने आतून विचारलं. "छान," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच आला याचं त्याला बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचंच जरा विचित्र वाटलं.

मास्तर म्हणजे त्याची बायको. नाटकांचे कपडे शिवण्यात तिचा जन्म गेला होता, आणि नाटकातले सगळे, अगदी तिच्या हाताखालच्या मुलीसुद्धा, तिला मास्तर म्हणत. लग्न ठरलं तेव्हा तिला काय म्हणायचं असा प्रश्न त्यालाही पडला होता. या वयात लाडाची नावं ठेवायला दोघांनाही लाज वाटली, तेव्हा तेच नाव घरी आलं. ती पहिल्यांदा त्याच्या चष्म्याच्या दुकानात आली होती ती सुईदोरा घेऊन. तपासणीच्या खुर्चीत बसली, समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "अक्षरं मला दिसतात. नाही दिसली तरी अडत नाही. हा काळा दोरा या सुईत गेला पाहिजे, तेवढं करा," म्हणाली. तो एकेक भिंग त्या जड चौकटीत सरकवत गेला आणि ती जीभ दातांत धरून दोरा ओवत राहिली. शेवटी दोरा गेला तेव्हा ती इतकी मनापासून हसली, की तिच्यामागोमाग आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं. त्याची पहिली बायको, त्याच्या मुलीची, बुटकीची, आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एकटं राहण्याची त्याला सवय झाली होती असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंच होतं. सवय झाली होती, एवढंच.

लग्नानंतर गावात थट्टा झाली ती त्याच्याच एका वाक्यावरून. डोळे तपासताना दिवसभर त्याला एकच विचारावं लागतं: पहिलं बरं की दुसरं? एक भिंग लावायचं, काढायचं, दुसरं लावायचं. पहिलं बरं की दुसरं? शेजारचा बेकरीवाला खुर्चीत बसला होता, या प्रश्नावर त्याने इतक्या भाबड्या चेहऱ्याने "ते तुम्हीच सांगा आता" म्हटलं, की पुढचे काही दिवस याच्या तोंडातून ते वाक्य निघेना. तो "हे कसं वाटतं, आणि हे?" असं काहीतरी म्हणायला लागला आणि लोकांचे नंबर चुकायला लागले. मग निमूटपणे जुन्या वाक्यावर आला.

घर मास्तरने शोधलं. बंदराचे भरभराटीचे दिवस होते तेव्हा कुणा व्यापाऱ्याने बांधलेलं, मग गोदाम झालेलं, मग नुसतंच पडून राहिलेलं. गावातल्या जुन्या इमारती जपणाऱ्या समितीने ते दुरुस्त केलं होतं. लाकडी जिना वळसा घेऊन वर जातो त्याचा कठडा नव्याने घासलेला, छताच्या कडेने चुन्याची वेलबुट्टी, जिथे तुटली होती तिथे नवी भरलेली. नवी जरा जास्तच नीट दिसायची. बाहेरून घर कसं दिसावं हे समितीने ठरवून दिलेलं होतं: भिंती फिकट पिवळ्या, खिडक्या पांढऱ्या, बदल चालणार नाही. आत मात्र काहीही करा. हे "काहीही करा" ऐकताना मास्तरच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून त्याने आपला जुना फ्लॅट विकायचं ठरवलं होतं. ती आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिली होती. खिळा ठोकायचा नाही, भिंतीला काही चिकटवायचं नाही, रंग मालक देईल तो. एका खोलीत तर म्हणे तिने कॅलेंडर वर्षभर खुर्चीवर टेकवून ठेवलं होतं. आता पन्नाशी उलटल्यावर तिला स्वतःच्या भिंती मिळाल्या आणि ती तहानलेला माणूस पाणी प्यायला लागावा तशी त्यांच्यावर तुटून पडली. स्वयंपाकघर निळं झालं, साधं निळं नाही, शाईच्या दौतीतलं. जिन्याच्या भिंतीवर पक्ष्यांचा कागद चिकटला. बंद पडलेल्या सलूनमधली लाल खुर्ची दिवाणखान्यात आली, तिच्याशेजारी जहाजावरचा कंदील, त्याच्याखाली कुठल्याशा नाटकातलं राजाचं मेज, ज्याचा एक पाय खरा आणि तीन पुठ्ठ्याचे होते. ते तिने सुताराकडून लाकडाचे करून घेतले, पण खऱ्यासारखे नाही, मुद्दाम वेगवेगळे. प्रत्येक गोष्ट ती त्याला विचारायची. हा अंजिरी घेऊ? हे इथे टांगू? आणि तो म्हणायचा, "हं." कधी "हं, छान." एकदा पेपर वाचत असताना तिने विचारलं होतं, तुझ्या घरून आलेलं ते कपड्यांचं खोकं उघडू का, काही वापरण्यासारखं आहे का बघते. त्यावरही तो "हं, बघ की" म्हणाला होता. हे त्याला आता, बूट काढल्यावर, बैठकीसमोर उभं असताना आठवलं. त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

रात्रीचं जेवण झालं, ती नव्या नाटकातल्या एका लठ्ठ सरदाराबद्दल बोलत होती, ज्याचा अंगरखा तिसऱ्यांदा उसवावा लागला होता. तो ऐकत होता आणि ऐकतही नव्हता. उशीचं ते राखाडी कापड मुळात पडद्यांचं, आणि ते पडदे त्याने आणले होते. बुटकीच्या आईचं डोकं दुखायला लागलं की उजेड तिला टोचायचा, अक्षरशः टोचायचा, ती हाताने तो डोळ्यांवरून ढकलायची. डॉक्टरांचं औषध अर्धं लागू पडे, अर्धं नाही. मग त्याने कापडाची दुकानं पालथी घातली होती. प्रत्येक दुकानात कापड उजेडासमोर धरून बघायचा, पांढऱ्यातून ऊन येतं, काळ्याने खोली विहिरीसारखी होते. शेवटी हे राखाडी सापडलं, मागून अस्तर लावलं की यातून उजेड इतका गाळून यायचा की दुपार आहे की सकाळ हेही कळू नये. मग भिंती त्याला जुळतील अशा केल्या, चादरी फिकट घेतल्या, चमकणारं सगळं काढून टाकलं, पितळेच्या कड्या, आरसा, फोटोंच्या काचा. घर हळूहळू मऊ होत गेलं. बुटकी त्या घरात पाय न वाजवता चालायला शिकली. आणि आता शनिवारी बुटकी येणार होती. लग्नाला ती नोंदणीच्या कचेरीत उभी राहिली होती, सही केली, मास्तरशी दोन शब्द नीट बोलली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. त्यानंतर येते येते म्हणत होती. या घरात ती पहिल्यांदा पाऊल टाकणार, आणि दारातून आत आल्यावर समोर काय, तर आईच्या खोलीचा पडदा, कात्री लावून, उशी करून, गुलबक्षी आणि शेंदरीच्या मधे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंघोळीला गेलेली असताना त्याने उशी उलटी करून पाहिली. मागेही तेच कापड. मग ती सगळ्यांच्या खाली ठेवली. संध्याकाळी ती परत मधे आली होती. त्याने ती कोपऱ्यात पडद्याआड सारली. ती परत मधे आली.  घरात मांजर असावं आणि ते रोज त्याच जागी येऊन बसावं तसं चाललं होतं. शेवटी चहा पिता पिता त्याने विचारलं, अगदी सहज, "ती राखाडी जरा वेगळी वाटते नाही?"

"वाटायलाच हवी," मास्तर म्हणाली. तिला असल्या प्रश्नांचा आनंद व्हायचा. "बाकीच्या सगळ्या ओरडणाऱ्या आहेत. सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. रंगमंचावर दहा जण भडक कपड्यात उभे केले ना, की एकाला असा रंग द्यावा लागतो, गप्प बसणारा. मग त्याच्याशेजारी लाल खरा लाल दिसतो. मी केव्हापासून शोधत होते असं कापड. तुझ्याच खोक्यात निघालं, बघ." तिने कप खाली ठेवला. "ती काढली ना, तर ही खोली बाजार दिसेल."

आता बोलायला हवं होतं. त्याला ते समजत होतं. तो एवढंच वाक्य म्हणणार होता: हा पडदा बुटकीच्या आईच्या खोलीतला. वाक्य तोंडात तयार होतं, लहानसं, गुळगुळीत. पण मास्तर ज्या समाधानाने बैठकीकडे बघत होती ते पाहून त्याने ते गिळलं. आयुष्यात आपण अशी किती वाक्यं गिळली असतील असं त्याच्या मनात आलं. दयाळूपणाने गिळली असं तो नेहमी समजत आला होता. आज पहिल्यांदा त्याला शंका आली की तो कदाचित आळस असेल.

शुक्रवारी त्याने उशी पिशवीत घातली आणि दुकानात नेली. तिथे ती कपाटात कोंबायला गेला, पण कपाटात जागा नव्हती, आणि तशी ती कोंबायला हातही धजेना. म्हणून तपासणीच्या खुर्चीत पाठीला ठेवली. दिवसभर माणसं तिला टेकून बसली. एक आजीबाई म्हणाल्या, आज तुमची खुर्ची बरी वाटते. घरी आला तर मास्तर कंबरेवर हात ठेवून बैठकीसमोर उभी.

"राखाडी कुठे गेली?"

"दुकानात नेली. खुर्चीला पाठीला काही नव्हतं."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू असा उजळत गेला की त्याला खाली बघावंसं वाटलं. "तुला आवडली होय ती," ती म्हणाली. "मग सांगायचंस. या घरातलं एक काहीतरी तुला आवडलं. मी म्हणत होते, याला काहीच आवडत नाही की काय, नुसता हं हं करतो. राहू दे तिकडे. मी बघते इथे दुसरं काही." आणि ती गुणगुणत खोक्यात हात घालून बसली. जेवताना तिने त्याला दोनदा वाढलं. 

शनिवारी बुटकी दुपारच्या गाडीने येणार होती, पण ती सकाळच्याच गाडीने आली आणि घरी न जाता थेट दुकानात आली. बुटकी हे नाव शाळेत बाकावरून तिचे पाय टेकत नव्हते तेव्हाचं. आता ती त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच होती, एका मोठ्या हॉस्पिटलात लोकांच्या मोडलेल्या सांध्यांना पुन्हा वाकायला शिकवायची, आणि कुणालाही भेटली की आधी त्याचे खांदे बघायची. "मान पुढे आलीय, बाबा," ती दारातूनच म्हणाली. तो एका शिक्षकाचा नंबर काढत होता. ती बाकावर बसून राहिली. शिक्षक उठले, चष्म्याची चौकट निवडून गेले. आणि खुर्ची रिकामी झाली.

"अरे," बुटकी म्हणाली. ती उठून जवळ आली, उशी उचलली, अंगठ्याने एक पान चोळून पाहिलं. "आपला पडदा."

"मी तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं. खोक्यात होता, मीच नीट सांगितलं नाही. तू आल्यावर एकदम समोर नको म्हणून इथे आणला. मला कळतं तुला काय वाटत असेल."

"काय वाटत असेल?"

 बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. बुटकी खुर्चीत बसली, उशी मांडीवर घेऊन, आणि समोरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली, "बाबा, आईला हे पडदे अजिबात आवडायचे नाहीत."

त्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं.

"म्हणजे त्रास होत असला की ठीक. पण एरवी नाही. दुखणं रोज थोडंच असायचं? ती म्हणायची, या पडद्यांमागे बसलं की मला मी आजारी आहे हे विसरताच येत नाही. आम्ही काय करायचो माहितीये? मी शाळेतून आले, तिचं डोकं बरं असलं, की तो मोठा लाल टॉवेल आणि तिची ती नारिंगी ओढणी पडद्याच्या दांडीला चिमट्यांनी लावायचो. पडदे बाजूला. ऊन त्यातून यायचं. सगळी खोली सरबतासारखी व्हायची. आई मग गाणी म्हणायची, पलंगावर बसून. तुम्ही यायच्या आधी काढून ठेवायचो."

"का?" तो म्हणाला. "का काढायचात?"

"तुम्ही किती दुकानं फिरला होतात. ते कापड घेऊन आलात तेव्हा तुमचा चेहरा असा झाला होता, मला अजून आठवतो. आई म्हणाली, त्यांना नको कळायला. त्यांनी फार मनापासून केलंय."

त्याने हातातलं भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. पलंगाखाली त्याला नेहमी कपडे वाळत घालायचे चिमटे सापडायचे. कधी गादीच्या कडेला, एकदा त्याच्या चपलेत. तो ते उचलून गॅलरीतल्या टोपलीत नेऊन टाकायचा आणि पुन्हा काही दिवसांनी सापडायचे, आणि त्याने कधीही, एकदाही, स्वतःला विचारलं नव्हतं की झोपायच्या खोलीत चिमटे येतात कुठून. लाल खोली. सरबतासारखी. त्याने ती डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि ती येईना. त्याला फक्त ती राखाडी खोलीच दिसत होती, तिच्यातलं प्रत्येक पान, आणि तिच्यात पडून असलेली ती, सोसणारी, शांत. त्या दोघी तिथे गाणी म्हणत होत्या. त्याला आत कुठेतरी, वयाला न शोभणारा असा, बाहेर ठेवल्याचा राग आला. मग तो ओसरला, आणि त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. इतकी वर्षं तो तिची आवड म्हणून जे सांभाळत होता, फिकट कप, फिकट शर्ट, दुकानाच्या पांढऱ्या भिंती, ते तिचं नव्हतंच. मग ते कुणाचं होतं? त्याचं? त्याने तरी हा रंग आवडला म्हणून कुठे घेतला होता.

"तुम्हाला वाईट वाटलं," बुटकी म्हणाली.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "ती कोणती गाणी म्हणायची?"

"वाटेल ती. अर्धी यायची नाहीत. मधेच ला ला."

दुपारी दुकान बंद करून ते दोघं घराकडे निघाले. उशी बुटकीने काखेत धरली होती. मास्तरने दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या आणि मग हसली. बुटकी आत आली आणि उभी राहिली. पक्ष्यांचा कागद बघितला, कंदील बघितला, सलूनची खुर्ची बघून तिच्यात जाऊन बसली आणि दांडा ओढून पाहिला. पाठ धाडकन मागे गेली आणि ती आडवी झाली. मास्तर धावली. बुटकी तशीच आडवी पडून छताच्या वेलबुट्टीकडे बघत हसत होती. "छान खुर्ची आहे. माझ्या पेशंटना अशी हवी," ती म्हणाली. त्याला वाटलं, हे असंच जाऊ दे, दिवस छान चालला आहे. उशी मेजावर पडली होती. आणि मग तो म्हणाला. जिना चढताना मधली पायरी हुकावी तसं ते वाक्य एकदम बाहेर आलं.

"मास्तर, ती राखाडी उशी आहे ना. तो बुटकीच्या आईच्या खोलीचा पडदा होता."

मास्तर वळली. तिने उशीकडे पाहिलं, मग बुटकीकडे, मग त्याच्याकडे. "तुला बघितल्याबरोबर कळलं होतं?"

"हं."

"आणि दुकानात नेलीस ती आवडली म्हणून नाही."

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला.

ती खाली बसली, बैठकीच्या कडेवर, उशा न हलवता. आवाज चढला नाही. तिचा आवाज रागात उलट खाली जायचा. "मी कुणाच्याही कपड्याला न विचारता कात्री लावत नाही. मेलेल्या नटाचा कोट असला तरी त्याच्या बायकोला विचारते, कापू का. तुला मी विचारलं होतं. तू हं म्हणालास. तुझ्या पहिल्या बायकोचा पडदा इथे असण्याचं मला काही नाही. पण तू मला तो आंधळेपणाने कापू दिलास." ती थांबली. "या घरातला प्रत्येक रंग मी तुला विचारून लावलाय. आता मला वाटतं, मी विचारत होते कुणाला? आधीच्या घरातसुद्धा असाच हं हं करायचास का?"

"नाही," बुटकी खुर्चीतून म्हणाली. ती आता सरळ बसली होती. "तिकडे सगळं बाबाच ठरवायचे. हं म्हणायची ती आई."

 कुणाला दुखवायला ती बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, पेशंटला सांगावं तसं. त्याने राजाच्या मेजाची कड धरली. एका घरात आपण सगळं ठरवलं आणि समोरची हं म्हणत राहिली, आणि आपल्याला वाटलं तिला आवडतंय. दुसऱ्या घरात समोरची सगळं ठरवते आणि आपण हं म्हणतो, आणि तिला वाटतंय आपल्याला चालतंय. म्हणजे बुटकीची आई कशी बसली असेल त्या खोलीत, हे जर कुणाला आतून माहीत असेल, तर ते आता त्यालाच माहीत होतं. प्रेमाने, न भांडता, दुसऱ्याच्या रंगात बसून राहणं. आणि तिने निदान टॉवेल तरी लावला होता. त्याने काय लावलं होतं?

"उशीचं काय करू?" मास्तरने बुटकीला विचारलं. "उसवून कापड परत देऊ? शिवण बारीक आहे, पण निघेल."

"नको. आईला आवडत असतं तर न्यायचा विचार केला असता. आवडतच नव्हतं." बुटकी उठली, उशी उचलून मास्तरच्या शेजारी, मधोमध, ठेवली आणि तिला पाठ टेकून बसली. "बसायला बरी आहे. मला चहा मिळेल का? आणि मी तुम्हाला म्हणू काय?"

"सगळे मास्तर म्हणतात."

"मग मास्तर, साखर कमी."

चहा झाला. बुटकी प्रवासाने दमली होती, बैठकीवरच आडवी झाली आणि तोंडावर मोरपंखी उशी ओढून झोपून गेली. तो कप विसळत होता, मास्तर पुसत होती. निळ्या भिंतीवर दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं. त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "मागच्या खोलीचं काय ठरवलंस?" जिन्याखालून मागे एक लहान खोली होती, तिच्या भिंतींचा गिलावा उशिरा पूर्ण झाला होता आणि परवापर्यंत ओला होता.

"काही नाही. जांभळा म्हणत होते." तिने फडकं झटकलं. "तू सांग. हं म्हणालास तर मात्र मी आजपासून नाट्यगृहातच झोपायला जाईन."

ते दोघं तिथे गेले. खोलीत काहीच नव्हतं, नुसता चुन्याचा थंड वास, कोपऱ्यात रंगाचे उरलेले डबे आणि रंग कालवायची एक थाळी. तो भिंतीसमोर उभा राहिला. सांग म्हटल्यावर डोक्यात आधी राखाडी आला, मग पांढरा, सवयीने, आणि ते गेले. मग बराच वेळ काहीच नाही. लाज वाटली. साठीला आलेल्या माणसाला आपल्याला कोणता रंग आवडतो हे आठवू नये. मास्तर डब्यावर बसून होती, तिने घाई केली नाही. मग त्याला गावाबाहेरची दगडाची खाण आठवली. पावसाळ्यानंतर ती पाण्याने भरायची आणि मुलं पोहायला जायची. त्याचा चष्मा तेव्हापासूनच जाड. काठावर कपड्यांच्या घडीत तो ठेवायचा आणि मग मुलं, झाडं, काठ, सगळं पुसट होऊन जायचं, कोण हाका मारतंय कळायचं नाही, म्हणून तो पाण्यात लवकर शिरायचा. आणि पाण्याखाली डोळे उघडायचा. तिथे सगळ्यांनाच पुसट दिसतं. तिथे कुणालाच काही वाचता येत नाही. वरून ऊन यायचं ते गढूळ हिरवं होऊन, शेवाळ्याचे धागे त्यात हलायचे, आणि तो दम संपेपर्यंत तिथे राहायचा, ज्यांना चांगलं दिसतं त्या मुलांइतकाच चांगला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

"हिरवा," तो म्हणाला.

"पोपटी?"

"नाही. चांगला नाही. घाणेरडा. साचलेल्या पाण्याचा."

मास्तरने मान वर केली. "घाणेरडा म्हणजे किती घाणेरडा?" हा प्रश्न तिच्या धंद्यातला होता. तिने डबे पुढे ओढले, थाळीत हिरवा ओतला, हळदी घातला, काडीने ढवळलं. "असा?"

"नाही."

तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग थोडा तपकिरी घातला. "आता?"

"नाही. अजून काळपट. पण आतून उजेड असलेला."

"आतून उजेड असलेला," ती पुटपुटली, जशी एखाद्या अवघड गिऱ्हाइकाला पुटपुटत असेल. काळ्याचा थेंब पडला. तो वाकून बघत होता. त्याने काडी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः ढवळायला लागला. "अजून घाल," तो म्हणाला.

"अजून घातलं तर गटार होईल."

"घाल तू."

तिने घातला. त्याने ब्रश बुडवला आणि कच्च्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, एक आडवा पट्टा ओढला. रंग ओला होता तोवर चमकला, मग गिलाव्याने पाणी पिऊन घेतलं तसा बसत गेला. दोघं मागे सरून बघत राहिले.

"मला नाही आवडला," मास्तर म्हणाली.

"मला आवडला."

"अख्खी खोली अशी केलीस तर दिवसा दिवा लावावा लागेल."

"लावू," तो म्हणाला, आणि दुसरा पट्टा पहिल्याच्या खाली ओढला. शर्टाच्या पांढऱ्या बाहीवर एक थेंब उडाला. मास्तरने डबा भिंतीजवळ सरकवला, त्यावर बसली आणि त्याचा हात कुठे चुकतो ते बघत राहिली. "कड सोडून लाव," थोड्या वेळाने म्हणाली. "कड मी करते. तुला जमायची नाही."